रुद्राणीअक्काची ज्वारी

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, रुद्राणीअक्काच्या ज्वारीची बोली झाली, तेव्हा तिला वाटलं आपणच ऐकायला चुकलो. मागच्या सालापेक्षा भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. नवरा मल्लिनाथ कंबरेच्या दुखण्यानं घरी बसला, तेव्हापासून पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं तीच बघत होती. या भावात मजुरीसुद्धा निघणार नव्हती. पुढच्या साली रान दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन टाकायचं, असं दोघांचं ठरतही आलं होतं.

"द्या अण्णा, काय यील त्यात," ती आडत्या अमृतरावांना म्हणाली. "परत नेऊन तरी काय करू?"

अमृतरावांनी पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतले. "अक्का, आज सौदा करू नका. ज्वारी लई चांगली हाय. बाजारच पडलाय, त्याला तुम्ही काय करणार?"

"आन् तुमची आडत? सौदा न्हाई तर ती बी बुडंल की."

"ऱ्हाऊ द्या तिकडं."

त्यांनी तिथूनच लातूरला फोन लावला. शिकवणीसाठी आलेल्या मुलींची खानावळ चालवणाऱ्या शिवानीताई त्यांच्या ओळखीच्या होत्या. मुली भाकरी मागत होत्या, पण इतक्या भाकरी थापणारं कुणी मिळत नव्हतं. "टिकणाऱ्या कडक भाकरी जमतील का?" फोन कानाला धरूनच अमृतरावांनी अक्काला विचारलं.

अक्का हसलीच. तिच्या माहेरी, कर्नाटकाच्या शिवेवर, लग्नात कडक भाकरीच्या चळती लागायच्या. "सांगा तेवढ्या करते," ती म्हणाली.

शेजारच्या दोघी बायांना हाताशी घेऊन तिनं पहिली खेप एसटीनं पाठवली. लातूरला पोचेपर्यंत निम्म्या भाकरींचा चुरा झाला. अक्का दिवसभर खट्टू होऊन बसली. संध्याकाळी शिवानीताईंचा फोन आला. "पोरींनी चुरासुद्धा दह्यात कालवून खाल्ला हो! अजून पाठवा. फक्त जरा नीट बांधा."

सगळी ज्वारी काही भाकरीत खपली नाही. उरलेली पडत्या भावातच घालावी लागली, आणि त्या साली घरात पैसा कमीच आला. पण रान हातचं गेलं नाही. शेजारच्या सोमेशनं सगळाच माल मोंढ्यात घातला होता, त्याचं वर्ष फार ओढीचं गेलं. पुढच्या हंगामात अक्कानं भाकरीसाठी त्याचीही ज्वारी घेतली, मोंढ्याहून थोडा जास्तच भाव देऊन.

येळवसेला, रानात पूजा करून पंगती घालायच्या अमावास्येला, तिनं अमृतरावांना शेतात जेवायला बोलावलं. कडब्याच्या छोट्या कोपीत पूजा झाली, पानावर पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि पिठाचे वाफवलेले उंडे आले. अमृतराव संकोचून म्हणाले, "अक्का, म्या काय केलं? एक फोन तर लावला."

"तेवढा बी कुणी लावत न्हाई, अण्णा. जेवा आधी."

कंबर धरत का होईना, मल्लिनाथही त्या दिवशी रानापर्यंत चालत आला होता. तो अमृतरावांच्या पेल्यात आंबील ओतू लागला, आणि पेला भरून सांडला तरी त्याचा हात थांबेना.