यशस्वीरीत्या पूर्ण

डेपोत त्याला सगळे ब्रेकराव म्हणत. रस्त्यावर कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी याची बस थांबे, म्हणून. तो चिडायचा नाही. "थांबलो तर तुमच्या बापाचं काय जातं? डिझेल मंडळाचं आहे," असं म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मंडळ म्हणजे सीमाभाग विकास संयुक्त मंडळ. नदीच्या या काठाला एक गाव, त्या काठाला दुसरं, आणि पुलाच्या ऐन मध्यावर दोन देशांची हद्द. बोली दोन्हीकडे तीच, शिव्यासुद्धा त्याच. पूर्वी माणसं पूल ओलांडून सोयरीक करायची. मग सरकारांचं बिनसलं, पुलावर फाटक बसलं आणि सख्ख्या मावशीला भेटायलाही परवाना लागू लागला. पुढे कधीतरी दोन्ही सरकारांना पुन्हा प्रेमाचं भरतं आलं आणि त्यांनी मिळून हे मंडळ काढलं. मंडळानं ठरवलं पुष्कळ. सामायिक बाजार, सामायिक दवाखाना, नदीकाठी फिरायला फरसबंद रस्ता. कागदावरून जमिनीवर उतरली ती एक बस.

पण बस होती नामी. तिचा पास ज्याच्याकडे त्याला वेगळा परवाना लागत नसे. फाटकावरचा शिपाई बसमध्ये चढायचा, एकवार सगळ्यांकडे बघायचा, ब्रेकरावाकडून तंबाखूची चिमूट घ्यायचा आणि उतरायचा. म्हाताऱ्या दवाखान्याला जात, पोरी कॉलेजला जात. आणि ब्रेकराव स्वतः ताईकडे जाई.

ताई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच शाळा सोडून याला लहानाचं मोठं केलं. तिचं लग्न पलीकडच्या गावात झालं, त्या दिवशी सगळ्यात जास्त हाच रडला होता. आता तिचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि तिला विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरे, मग गॅस बंद केला की नाही ते, मग नवरा गेलाय हेच. बसचा शेवटचा थांबा तिच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. दुपारी बस तिथं विसावली की ब्रेकराव बायकोनं दिलेला डबा घेऊन ताईकडे जाई. समोर बसून तिला जेवायला घाली, गोळ्या देई, सिलिंडरची चावी फिरवून बघे. "तू जेवलास का रे?" हे ती प्रत्येक घासाला विचारी आणि तो प्रत्येक घासाला "जेवलो" म्हणे. तिला इकडे घरी आणावं तर कायमचा परवाना हवा. त्या अर्जावर तिचीच सही लागे, अंगठा चालत नसे, आणि सही कशी करतात तेच ती विसरली होती.

अशात पलीकडच्या नगरपालिकेच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली. ताईच्या शेजारी शिवणाचं दुकान चालवणारी शिंपीण होती. तिनं खटपट करून ताईचं नाव लावलं होतं. तिचा फोन आला. "दादा, चार दिवसांत हो की नाही सांगा. मागे रांग मोठी आहे. पुन्हा नंबर लागेल याची खात्री नाही."

ताईला तिच्या घरातून हलवलं तर उरलंसुरलंही ती विसरेल, असं ब्रेकरावाला वाटे. आणि बस चालू आहे तोवर हलवायचं कशाला? पण बसची मुदत संपत आलीय, अशीही कुजबुज डेपोत होती. काय करावं ते कळेना. नेमका त्याच आठवड्यात मंडळाचा समारंभ निघाला. तिथं काय ते कळेल, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

समारंभ झोकात झाला. दोन्हीकडचे साहेब आले. पडद्यावर बसचे फोटो दाखवले, त्यात एका फोटोत ब्रेकरावाचा कानही आला होता. मंडळाच्या मॅडम उभ्या राहिल्या. बाई चांगली होती, ब्रेकरावाला नावानं ओळखायची. ती म्हणाली, "मला सांगायला आनंद होतो, की आपला बससेवा प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. ब्रेकरावानं तर हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. त्याला स्टेजवर बोलावून मंडळाचं चिन्ह छापलेला एक कप दिला. तो कप हातात धरूनच त्यानं बाहेर येऊन शिंपिणीला फोन लावला.

"खाट नको म्हणून कळवा. आपली बस पास झाली!"

घरी बायको म्हणाली, "अहो, पूर्ण झाला म्हणजे काय ते विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? परीक्षेत पास झालेल्याला वरच्या वर्गात घालतात. शाळेतून काढतात होय?"

बायकोनं तो कप फडताळात मागे ठेवला. डेपोतल्या मंडळींनी मात्र दुसऱ्या दिवशी ब्रेकरावाकडून चहा उकळला. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, झाडून सगळ्यांनी यशस्वीचा अर्थ यशस्वी असाच घेतला होता. दुसरा काय घेणार?

महिना संपला आणि डेपोच्या फळ्यावरून पुलाची फेरी पुसली गेली.

ब्रेकराव धावत मंडळाच्या कचेरीत गेला. तिथं खोकी भरणं चाललं होतं. मॅडम खुर्चीवर चढून भिंतीवरचा नकाशा काढत होत्या. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. "अहो, प्रकल्प यशस्वी झाला म्हणूनच बंद झाला. ही सेवा इथं चालू शकते, हे सिद्ध करायचं होतं. ते झालं. अपयशी ठरला असता तर मुदतवाढ तरी मागता आली असती."

"म्हणजे मी वाईट चालवायला हवी होती?"

मॅडमना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. "आता ती सरकारांनी आपापल्या पैशानं चालवायची आहे. तुमचे लोक म्हणतात बस तिकडच्यांच्या सोयीची. तिकडचे म्हणतात चाकं तुमची, डेपो तुमचा, तर खर्चही तुमचाच."

"आणि आमचे पास?"

"पास बसचे होते, माणसांचे नव्हते."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. ब्रेकराव कचेरीच्या पायरीवर बसून राहिला. त्याला कुणाचा राग आला नाही. स्वतःचा आला. शेंबड्या पोरालाही विचारता आला असता असा साधा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. शिंपिणीला फोन केला तर खाट दुसऱ्या दिवशीच भरली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं तेवढं फडताळात होतं.

मग परवान्यासाठी खेटे सुरू झाले. पूल आता मालाच्या गाड्यांपुरताच उरला होता. माणसांनी नदीच्या खालच्या अंगाला, दूरच्या नाक्यावरून जायचं. नातेवाइकांना वर्षातून एकदाच, एका दिवसाचा परवाना मिळे. तोही हातात पडेपर्यंत मोसम बदलला. शिंपीण सकाळी जाता जाता ताईच्या दारात डबा ठेवी, पण तिचं पोट शिवणाच्या मशीनवर होतं, ती समोर बसून थोडीच जेवू घालणार? गल्लीवाल्यांनी भीतीनं ताईचा सिलिंडर काढून नेला होता.

ब्रेकराव दोन गाड्या बदलून पोचला तेव्हा दुपार कलत आली होती. संध्याकाळी नाका बंद व्हायच्या आत परतायचं होतं. त्यानं दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी गं, ताई."

दार उघडलं. ताई अर्धी झाली होती. केस विंचरलेले नव्हते, झंपर उलटा घातला होता. ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली नाही, पाहुण्याला हसतात तसं हसली.

"या ना, बसा. कुणाकडे आलात?"

ओट्यावर शिंपिणीचे डबे न उघडलेले पडले होते. खोलीत आंबूस वास होता. त्यानं आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला तर ती मागे सरली. "अहो, तुम्ही घ्या आधी. पाहुणे तुम्ही." त्यानं एक घास खाल्ला तेव्हा कुठे तिनं एक घेतला. असं करत त्यानं तिला निम्मा डबा संपवायला लावला. मग भांडी घासली, खोली झाडली, तिचे केस विंचरले. ती संकोचून बसून राहिली.

"माझा भाऊ बस चालवतो," ती म्हणाली. "ओळखता का त्याला?"

"ओळखतो."

"रोज येतो हो दुपारचा. हल्ली दिसला नाही. तुम्हाला भेटला तर एक निरोप द्याल?" आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, "जमत नसेल तर येऊ नकोस म्हणावं. मी वेळेवर जेवते, अगदी पोटभर जेवते, असं सांगा. नाहीतर गाडी चालवताना त्याचं लक्ष माझ्याकडेच लागून राहतं."

ब्रेकरावानं घड्याळ पाहिलं. निघायला हवं होतं. तो उठला तशी तीही उठून दारापर्यंत आली.

"सांगाल ना नक्की?"

"सांगतो हो," तो म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

जन्मात पहिल्यांदा त्यानं ताईला अहो-जाहो केलं.