नाटकात नसलेला धाकटा भाऊ

माझ्या थोरल्या भावाचा मला राग होता आणि तो कमी झाला असं आजही म्हणवत नाही. वडील गेल्यावर घर त्याच्या हाती आलं. तो कचेरीत कारकून, मी आर्णीच्या शाळेत मास्तर. आमची धाकटी बहीण नववी पास झाली, त्याच उन्हाळ्यात त्यानं तिची शाळा बंद केली. पुढच्या वर्षी फुलसावंगीला लग्न लावून मोकळा झाला.

साठ सालाच्या सुमारास शाळेच्या संमेलनासाठी हेडमास्तरांनी मला नाटक लिहायला सांगितलं. मी सूड उगवायचं ठरवलं. माझ्या नाटकातला थोरला भाऊ मिशा पिळायचा, मुठी आपटायचा, "पोरीच्या जातीला पुस्तकं कशाला!" म्हणून गरजायचा. चार दिवसांत लिहून झालं. वाटलं, काय जहाल लिहिलंय!

बहीण दिवाळीला आली होती. दादा कचेरीत गेल्यावर मी तिला वाचून दाखवलं. वाती वळता वळता तिनं सगळं ऐकलं.

"हा दादा नाही," ती म्हणाली. "दादा कधी वरडला का? तो हळू बोलते. म्हणून तर उलटून बोलता येत नाही."

मी चिडलो. "तुह्यासाठीच लिहून राह्यलो न मी हे!"

"माह्यासाठी? मंग त्या दिवशी तू कुठं होता? नाटकात धाकटा भाऊच नाही."

मी तिथंच होतो. जेवत होतो. दादानं तिचं दप्तर खुंटीवर टांगलं, "आता राहू दे, बाई," म्हणाला, आणि मी आणखी भाजी मागितली.

आठ दिवस वहीला हात लावला नाही. तिचाही राग आला होता. मग मिशा काढल्या, मुठी काढल्या, धाकट्याला पाटावर आणून बसवलं. त्याच्या तोंडी एखादं बाणेदार वाक्य घालावं म्हणून तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मी तसं काही बोललोच नव्हतो. चौथ्या खेपेला त्याच्याकडे फक्त भाजी मागणं उरलं.

संमेलन भर दुपारी मांडवात झालं. दादा दुसऱ्या रांगेत बसला होता. दप्तर खुंटीवर गेलं. धाकट्यानं भाजी मागितली तशी मागून एक बाई शिव्याशाप देत ओरडली, "मुर्दा बशिवला याचा!" दादा शेवटपर्यंत हलला नाही.

घरी त्यानं त्याच हळू आवाजात विचारलं, "तुले वेगळं राह्यचं आहे का?"

"हो."

महिनाभरात मी भाड्याची खोली घेतली. त्यानंतर लग्नकार्यातसुद्धा आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

बहिणीला सासरच्यांनी संमेलनाला पाठवलं नव्हतं. पुढं भेटली तेव्हा मी वही दिली. तिनं बसल्या बसल्या वाचून काढली.

"दादाले तिथं बोलावलं कोणं?"

"मीच."

"काहून?"

मी वहीसाठी हात पुढे केला. वही परत करताना ती म्हणाली, "तू त्याले काहून बोलावलं, तेही लिहायचं होतं मंग." तेवढी हिंमत मला झाली नाही.