पाळणाघराची कोरी भिंत

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग संताप. हसू माझ्याच उतावळेपणाचं, संताप एका स्वच्छ भिंतीचा.

मी तेव्हा अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. प्रसूती रजेचा कायदा बदलून दोनेक वर्षं झाली होती. रजा सहा महिन्यांची झाली होती, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, असं ठरलं होतं. पेपरात ते वाचून मी बायकोला म्हटलं होतं, "तुझ्या वेळी हे असतं तर?" आमच्या मुलासाठी तिने चांगली नोकरी सोडली होती.

एका सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बाईचा दबका आवाज. "साहेब, आमच्या कंपनीच्या मागच्या गेटवर एक बाई व्हॅन भरून लहान पोरं घेऊन आलीय. एकाचीही आई इथे कामाला नाही. लवकर या ना." कंपनीचं नाव सांगितलं, स्वतःचं विचारताच फोन ठेवला. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा जोरात होत्या. आपण अफवा म्हणून सोडून द्यावं आणि नेमकी तीच खरी निघावी, ही धास्ती प्रत्येक पोलिसाला असते. स्टेशन डायरीत नोंद करून, महिला हवालदाराला घेऊन मी निघालो.

व्हॅनमध्ये सहा मुलं, सगळ्यात मोठं तीन वर्षांचं. सोबत पन्नाशीची एक मावशी. पालकांची चिठ्ठी नाही, कसला कागद नाही. सगळ्यांना ठाण्यात आणलं. हवालदारबाईंनी मुलांना बिस्किटं दिली, आणि मी मावशीवर आवाज चढवला.

"खरं बोला, कोणाची पोरं उचलली?"

"सायबानू, उचलूक नाय ओ!" ती रडायलाच लागली. "वाकोल्यात धा वर्सां लोकांची पोरां सांभाळतंय मी. कंपनीच्या मॅनेजरान सांगल्यान, सरकारी तपासणी आसा, दोन तास पोरां घेऊन ये. आवशी-बापसांका इचारूक व्हया होता. चुकलंय मी."

खोटं बोलणारा माणूस आधी सगळं नाकारतो. ही बाई आईबापांना न विचारता पोरं आणल्याची चूक आपणहून कबूल करत होती. पालक धावत आले, तिला नको नको ते बोलले. पण त्यांची पोरं मात्र रडत पुन्हा तिच्याच कडेवर गेली. अपहरणाचं कलम माझ्या डोक्यातून तिथेच उतरलं. कोणीही तक्रार दिली नाही.

मग मी कंपनीत गेलो. मॅनेजर हसतमुख. "साहेब, पाळणाघर दोन वर्षं चालू आहे ना! आज मुलं जरा कमी होती, म्हणून बाहेरची बोलावली. रजिस्टर बघा ना तुम्ही."

रजिस्टर चोख होतं. रोजची हजेरी, रोजच्या सह्या. खोलीही झकास, पिवळी धमक. मी उकिडवा बसलो आणि भिंत खालून पाहू लागलो. माझ्या घरी तेव्हा दोन वर्षांची नात होती. तिने हॉलची भिंत कमरेपर्यंत रंगीत खडूने भरून टाकली होती. इथे दोन वर्षं पोरं खेळत होती म्हणे, आणि भिंतीवर एक रेघ नाही, एक तेलकट बोट नाही. लाकडी घोड्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं.

रजिस्टरमधलं पहिलं नाव वाचून मी म्हटलं, "या मुलाच्या आईला बोलवा."

ती आली. हिशेबनीस, तिशीच्या आतबाहेर. रजिस्टरचं पान तिने दोनदा वाचलं. "माझा मुलगा? रोज हजर?" आवाज ऐकताच मला सकाळचा फोन आठवला. "साहेब, तो आठ महिने देवगडला आहे, नणंदेकडे. मी तीनदा अर्ज दिला. दरवेळी सांगितलं, पाळणाघर भरलंय. तो आता नणंदेलाच आई म्हणतो हो."

मॅनेजरचं हसू मावळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोलिसाने अशा वेळी ओरडायचं नसतं, लिहायचं असतं. पंच बोलावून पंचनामा केला, रजिस्टर ताब्यात घेतलं, खोट्या नोंदींचा अहवाल कामगार खात्याकडे पाठवला. फोन कोणी केला होता, ते मी कुठेही लिहिलं नाही. चौकशी लागल्यावर मालकाची चांगलीच तंतरली. महिन्याभरात पाळणाघर खरोखर सुरू करायची वेळ आली. सांभाळायला मॅनेजरला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा ठाण्यात पोरं कशी मावशीच्याच कडेवर गेली ते माझ्याकडून ऐकलेल्या त्या आईनेच वाकोल्याच्या मावशीचं नाव सुचवलं.

निवृत्तीच्या आधी एकदा मुद्दाम तिथे गेलो. चहाची वेळ होती. ती आई मुलाला भेटायला खाली आली होती, आणि तो कामात गढलेला होता, हातात लाल खडू. कमरेखाली भिंतीवर तसूभर जागा उरली नव्हती.

"वाट लावलीय पोरांनी, साहेब," नवा मॅनेजर ओशाळून म्हणाला. "पुढच्या आठवड्यात भिंत रंगवून घेतोय."

"खबरदार हात लावाल तर," मी म्हटलं.

कायदा पाळला जातोय की नाही हे पाहायला मी आयुष्यभर कागद तपासले. तो कुठे पोहोचला हे पाहायला कधीकधी उकिडवं बसावं लागतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. निघताना त्या पोराने माझ्या खाकी पँटवर गुडघ्याजवळ एक लाल रेघ ओढली. त्याची आई गडबडून धावली, "अरे, आईचं ऐक ना!" आणि तो मान वळवून तिच्याकडे पाहत म्हणाला, "आई, थांब ना गं."

ती पँट मी धुवायला टाकली नाही.