म्हशीला मायनस

आमच्या कॅमेऱ्याचं मीटर बिघडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात गेलं वर्षभर त्या बिचाऱ्यावर वाटेल ते आळ घेतले गेलेत आणि त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. मला येते.

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र, काय असतं हे मला बाबांनीच शिकवलं. बाबा यवतमाळकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले, भोसरीच्या एका कारखान्यात जन्मभर सुट्या भागांची मापं तपासली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी म्हणून आयुष्यातली पहिली महाग वस्तू घेतली, ती हा कॅमेरा. मोजणाऱ्या यंत्रावर त्यांची श्रद्धा होती. कारखान्यात कोणी ‘गेज चुकतंय साहेब’ म्हणालं की ते म्हणायचे, आधी हात तपासा. हे वाक्य मी लहानपणापासून जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मला ते भातासारखंच वाटतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं खडकवासल्याला जायचो. धरणाच्या मागच्या अंगाला पाणी उथळ असतं, तिथे बगळे येतात आणि जवळच्या गावातल्या म्हशी डुंबत असतात. तिथे बाबांनी मला समजावलं, की मीटरला रंगातलं काही कळत नाही. त्याला जगात सगळंच मधल्या करड्या रंगाचं असावं असं वाटतं. बगळा दाखवला तर ते म्हणतं, फार पांढरं आहे, आणि त्याला मळकट करून टाकतं. म्हणून बगळ्याला प्लस द्यायचं. म्हैस दाखवली की ते म्हणतं, फार काळं आहे, आणि तिला राख फासल्यासारखी करून ठेवतं. म्हणून म्हशीला मायनस. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती आहे, ती उजवीकडे फिरवली की प्लस, म्हणजे फोटो उजळ; डावीकडे मायनस, म्हणजे गडद. बाबा पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहून अर्धा अर्धा तास म्हशीचे फोटो काढत. एकदा म्हणाले, “म्हैस काळी आहे, तर काळीच आली पाहिजे. तिची कातडी कशी चमकते बघ. ती घालवली तर मग राहिलं काय?”

मला तेव्हा बाबा फार आवडले होते. शाळेत असताना माझ्या वर्गातली मुलं मला काय म्हणायची ते बाबांना कधी सांगितलं नव्हतं. जनावराचं नाव होतं, आणि ते आत्ता समोर पाण्यात बसलं होतं. पहिल्यांदाच कोणीतरी त्या जनावराच्या रंगाबद्दल इतक्या प्रेमानं बोलत होतं.

मी बाबांच्या आईवर गेलेय. काळी आहे. ‘सावळी’ हा शब्द आमच्याकडे माझ्या बायोडेटात आहे, तो आईनं घातला.

तर त्या बायोडेटासाठी बाबांनी माझा फोटो काढला. फोटो पाहिला तेव्हाच मी म्हटलं, ही मी नाही. आईच्या मोत्यांच्या कुड्या चेहऱ्याच्या उजेडात विरघळून गेल्या होत्या, साडीची जर गायब होती आणि मधोमध एक दुधात बुडवून काढलेली बाई हसत होती. बाबा म्हणाले, “मीटर चुकतंय जरा. पण चांगला आलाय.” आई म्हणाली, “बाप्पा, किती गोड दिसून राह्यली.” तो फोटो वधूवर सूचक मंडळात गेला. मी ऑफिसच्या गडबडीत होते, वाद घातला नाही.

मग त्या फोटोवरून पाहुणे आले. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं दाटीवाटीनं बसली. मी पोहे घेऊन बाहेर आले, तेव्हा मुलाच्या आत्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आवाज अजिबात न चढवता त्या बाबांना म्हणाल्या, “अहो, फोटो कुठल्या स्टुडिओत काढला आपण? आम्हालाही पत्ता देऊन ठेवा. आमच्या नातेवाइकांत दोन मुली आहेत.”

मुलगा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत राहिला. बाबा हसले. इतकं ओशाळवाणं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “घरीच काढला हो. कॅमेऱ्याचं मीटर बिघडलंय आमच्या, त्यामुळे तसं झालं.”

आत्यांचा मला राग आला नाही. त्यांना फसवलंच होतं. बाबांचं वाक्य ऐकून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासमोर त्यांनी माझ्या रंगाबद्दल पाहुण्यांची माफी मागितली होती, आणि तीही यंत्रावर ढकलून.

पाहुणे गेल्यावर मी कॅमेरा काढला. चकती बघितली. ती प्लसवर होती, चांगली दीड घर पुढे. ती शून्यावर आणली आणि मागच्या बाल्कनीतल्या शहाबादी फरशीचा फोटो काढला. हीसुद्धा बाबांचीच युक्ती. फरशी करडी, मीटरलाही करडंच हवं असतं. फरशी जशीच्या तशी आली तर मीटर ठीक. फरशी जशीच्या तशी आली, कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात ते हेच.

बाबांशी भांडायचं होतं, पण आधी मला त्यांचा हात पाहायचा होता.

संधी लगेच आली. दुसरं एक स्थळ सांगून आलं, नाशिकचं. त्यांना ताजा फोटो हवा होता. रविवारी सकाळी बाबांनी मला हॉलच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं आणि चकती प्लसवर नेली.

“प्लस काहून?” मी विचारलं.

“पांढरी भिंत आहे. प्लस लागतंच.”

ते खरं होतं. बाबा नियमात चुकत नाहीत. मी भिंतीसमोरून निघाले आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. आमचं दार गडद चॉकलेटी आहे. गडद दार, गडद साडी, आणि त्यात मी.

“आता जवळून काढा,” म्हटलं.

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांचा अंगठा चकतीवर गेला आणि चकती आणखी उजवीकडे फिरली. त्यांनी विचारही केला नाही. अंगठ्याला पाठ होतं.

“बाबा, म्हशीला काय देता?”

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. “काहून चिडून राह्यली तू?” असं पुटपुटले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

“चिडलेच आहे. धरणावर म्हशीसाठी पाण्यात उभे राहता तुम्ही. तिचा रंग जाऊ नये म्हणून जीव टाकता. मी घरात आहे. मला कधी मायनस दिलंत?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी चकती फिरवली. शून्याच्या पलीकडे, डावीकडे, दोन बारीक टक् टक् आवाज आले. फोटो काढला. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो मोठा करून बघत बसले, मापं तपासायचे तसे, कडेकडेनं. मीही वाकून पाहिला. कुड्यांचा एकेक मोती वेगळा दिसत होता. जर दिसत होती. मी दिसत होते, आणि चांगली दिसत होते. हे मी लाजून लिहिणार नाही.

“बरोबर आलाय,” बाबा म्हणाले. आवाज कारखान्यातला होता, पास झालेल्या मालासाठीचा.

तेवढ्यात त्यांनी आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “पण नाशिकला आपण जुनाच पाठवू.”

“पाठवा,” मी म्हटलं. “पण पाहुणे आले की पोहेही त्या फोटोतल्या बाईच्याच हातून पाठवा.”