तलासरीच्या मैदानावरचे सहा राउंड

२०१४ साली मी पलटणीच्या बॉक्सिंग टीमचा उस्ताद होतो. हुद्दा हवालदार. पोस्टिंग उत्तरेतल्या एका छावणीत. टीममध्ये चौदा जवान. ०५०० ला फॉल-इन, ०५१५ ला दहा किलोमीटरची दौड, मग दोरी आणि बॅग. १६०० ला रिंग. आठवड्यातून दोन दिवस स्पारिंग, म्हणजे आपसात सरावाची लढत. रविवारी मालिश आणि कपडे धुणं. वर्षभर यात काही बदल नसे.

लान्स नायक रमण वरठा याच टीममध्ये होता. तो तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा, मी डहाणूजवळच्या मसोलीचा. पलटणीत आमच्या भागातले आम्ही दोघंच. तरी तो मला कधी गाववाला म्हणाला नाही. उस्तादच म्हणायचा. बोलणं कमी. डावा हुक असा, की बॅग धरून उभ्या राहणाऱ्याचा खांदा संध्याकाळपर्यंत दुखत राही.

त्या वर्षी तो ब्रिगेडच्या फायनलला पोचला. समोर दुसऱ्या पलटणीचा एक नायक, उंच, लांब हातांचा. पहिला राउंड रमणचा. दुसऱ्यात त्या नायकाने उजव्या हाताने त्याची भुवई फोडली. तिसऱ्यात रक्त डोळ्यात उतरलं आणि रमणला डावीकडून येणारं काही दिसेना. ठोसे मोजायचं मी सोडून दिलं. त्याचं डोकं प्रत्येक ठोशाला मागे जात होतं, पण पाय हलत नव्हते. शेवटचे चाळीस सेकंद उरले असताना मी रिंगमध्ये टॉवेल फेकला, म्हणजे हार मानून लढत थांबवली.

रेफरीने दोघांना वेगळं केलं. रमण कॉर्नरला आला. माउथपीस काढून हातात धरलं.

“मी उभा होतो, उस्ताद.”

“दिसत नव्हतं तुला.”

“मी उभा होतो.”

एम.आय. रूममध्ये डॉक्टर साहेबांनी सात टाके घातले. डोकं तपासलं, डोळे तपासले, म्हणाले, सगळं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी ०५१५ ला तो दौडीत सगळ्यांच्या पुढे होता. तेव्हापासून माझ्या मनात बसलं की मी घाई केली. त्यानंतर दोन महिने रमणने मला रोज ‘राम राम’ घातला आणि त्यापुढे एक शब्द काढला नाही.

मी २०१६ ला निवृत्त होऊन मसोलीला आलो. आमची चिकूची वाडी आहे, ती बघू लागलो. पुढच्या वर्षी रमणही बाहेर पडला. पाड्यावर थोडी भातशेती, बायको सविता, आणि उंबरगावच्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी. ड्यूटी संपली की तो घरामागे आंब्याला टांगलेल्या गोणीवर ठोसे मारायचा. गोणीत वाळू आणि भुसा.

रविवारी सकाळी तो मोटरसायकलवर मसोलीला यायचा. आमच्या नाक्यावरच्या सलूनमध्ये टीव्ही आहे. सलूनवाला नरेश बॉक्सिंगचा शौकीन. परदेशातल्या प्रोफेशनल मॅचेस तो लावून ठेवायचा आणि वस्तरा हातात घेऊन पंचगिरी करायचा. कोणाचा जबडा कच्चा, कोणाचे पाय गेले, जुन्या काळचे हेवीवेट बरे की आताचे, यावर दाढीला बसलेलं गिऱ्हाईकही तोंडाला फेस लावून वाद घालायचं. आम्ही दोघं मागच्या बाकावर.

एका रविवारी अशीच एक मॅच होती. एका बॉक्सरचा डोळा पुरता बंद झालेला. रेफरी दर राउंडला त्याच्या कॉर्नरला जाऊन विचारत होता. कॉर्नरवाला दर वेळी मान हलवून पाठवा म्हणत होता. नरेश ओरडला, “अरे थांबवा ना! मरेल तो!” दहाव्या राउंडला त्याच बॉक्सरने समोरच्याला असा आडवा केला की त्याला उचलून स्टुलावर बसवावं लागलं.

सलूनमध्ये टाळ्या पडल्या. रमणने टाळी वाजवली नाही. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

“बघितलंत?”

बाहेर मोटरसायकलजवळ आल्यावर तो म्हणाला, “तलासरीला प्रोफेशनल फाइट ठेवतायत. सहा राउंड. मी नाव दिलंय.”

“तू अडतीसचा आहेस.”

“माहीत आहे.”

“प्रोफेशनल म्हणजे हेडगार्ड नाही. ग्लोव्ह बारीक. तिथे पॉइंटसाठी नाही मारत कोणी.”

“म्हणून तर तुम्ही कॉर्नरला पाहिजेत. पण एक शब्द द्या. टॉवेल नाही.”

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “दिला.”

ही गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली. नऊ आठवडे मी त्याला तयार केलं. महिनाभर तो विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगरावर पळत चढायचा आणि मी खाली घड्याळ धरून उभा राहायचो. त्याचा दम चांगला होता. डावा हुक तसाच होता. सरकून बाजूला होणं मात्र अर्ध्या क्षणाने उशिरा होत होतं. ते मला दिसत होतं. मी त्याला सांगितलं नाही.

लढतीच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. बायाबाप्ये, रिक्षावाले, गुजरात बाजूनेही बरेच लोक आले होते. रिंग लाकडी फळ्यांची, वर मांडव. डॉक्टर होता, अँब्युलन्सही होती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. समोरचा बॉक्सर विपुल, वापीकडचा, चोवीस वर्षांचा. सविता दुसऱ्या रांगेत बसली होती. १६२० ला घंटा झाली.

पहिला राउंड विपुलने जॅबवर, लांबून सरळ ठोसे मारत काढला. दुसऱ्यात रमण आत घुसला आणि त्याच्या बरगड्यांवर सात-आठ ठोसे बसवले. मांडवाखाली तो आवाज सपाट यायचा, ओला कपडा दगडावर आपटावा तसा. तिसऱ्यात विपुलच्या उजव्या हाताने रमणचं नाक मोडलं. नाक डावीकडे गेलेलं मला माझ्या जागेवरून दिसलं. कॉर्नरला मी कापसाचे बोळे घातले, बर्फ लावला.

“तोंडाने श्वास घे. हात वर. उजव्याला सरक.”

“हं.”

चौथ्यात तो दोनदा पडला. पहिल्यांदा गुडघ्यावर. सहाच्या काउंटला उठला. दुसऱ्यांदा कानामागे ठोसा बसला आणि तो पाठीवर पडला. डोकं फळीवर आपटलं. आठला उठला. रेफरीने ग्लोव्ह पुसले, विचारलं, “लढणार?” रमणने हात वर केले. उरलेला राउंड तो दोरखंडाला टेकून मार खात राहिला. माझ्यामागे एक म्हातारा म्हणत होता, “बास करा रे, बास करा.”

घंटा झाली. तो स्टुलावर बसला. मी त्याचा चेहरा पुसला आणि डोळे पाहिले. उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी होती. बॉक्सिंगच्या कोर्समध्ये आम्हाला हेच सगळ्यात आधी शिकवलं होतं. असं दिसलं म्हणजे मार डोक्याच्या आत पोचलाय, लढत संपली. त्यात विचार करायचा नसतो.

टॉवेल माझ्या खांद्यावर होता. रमणने त्याकडे पाहिलं.

“उस्ताद. शब्द.”

मला ब्रिगेडच्या फायनलनंतरची ती सकाळ आठवली. सगळ्यांच्या पुढे पळणारा. डॉक्टर साहेब म्हणालेले, सगळं ठीक आहे. मी टॉवेल खांद्यावरून काढला आणि पाण्याच्या बादलीत टाकला. रिंगचा डॉक्टर वाकून पाहत होता. त्याने मला विचारलं, “ठीक?” मी म्हणालो, “ठीक.”

पाचवा राउंड मला नीट सांगता येत नाही. रमणच्या तोंडातून माउथपीस दोनदा उडालं. त्याचं रक्त विपुलच्या छातीवर होतं. विपुल दमला होता, हात खाली यायला लागले होते. सहाव्यात, मिनिटभर उरलं असेल, त्याने उजवा हात लांब टाकला. रमण त्याच्या खालून आत गेला आणि डावा हुक यकृतावर बसवला. विपुल क्षणभर उभा राहिला. मग दोन्ही गुडघ्यांवर आला आणि कपाळ फळीला टेकलं. दहा मोजून झाले तरी त्याला श्वास घेता येत नव्हता.

मैदान उठलं. लोक खुर्च्यांवर चढले. रेफरीने रमणचा हात वर केला. तो हसत होता. पुढचा एक दात गेला होता.

आम्ही तंबूत आलो. मी ग्लोव्ह कापून काढले. त्याने पाणी मागितलं. दोन घोट प्यायला.

“ते ब्रिगेडचं आता विसरलो, उस्ताद.”

“बरं.”

“डोकं दुखतंय.”

एवढं म्हणून त्याला उलटी झाली. मग तो माझ्या अंगावर कलंडला. मी हाक मारली. त्याने डोळे उघडले नाहीत. १७०५ ला अँब्युलन्स निघाली. मागे मी आणि सविता. वापीचा रस्ता नेहमीचा, पण राज्याच्या हद्दीवर अच्छाडला ट्रकांची रांग होती. त्या रांगेत अकरा मिनिटं गेली. सविताने त्याचे पाय मांडीवर घेतले होते.

“भाऊ, जिंकला ना तो?” तिने विचारलं.

“जिंकला.”

“मग असा का करतो?”

दवाखान्यात डॉक्टरांनी कवटी उघडली. मेंदूवर रक्त साचलं होतं. ते म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं. मी मनात हिशेब केला. तासभर आधी निघायचं म्हणजे लढत सुरू व्हायच्याही आधी. पण चौथ्यानंतर थांबवलं असतं तर शेवटच्या दोन राउंडचा मार त्याच्या डोक्याला बसला नसता, हेही मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी विपुल आला. चेहरा सुजलेला, कमरेत वाकून चालत होता. काचेतून त्याने आत पाहिलं.

“काका, हूं... मी थांबलो असतो. कोई बोललंच नाही थांब म्हणून.”

“तुझी चूक नाही,” मी म्हणालो. “सांगायचं काम माझं होतं.”

तो तिथेच बाकावर बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ०६१० ला रमण गेला. पाड्यावर त्यांच्या रीतीने सगळं झालं. बारावं झाल्यावर मी सविताकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. डोळ्याची बाहुली, बादलीतला टॉवेल, डॉक्टरला दिलेलं उत्तर. तिने ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड पुढे-मागे करत राहिली.

“तुम्ही थांबवलं असतं तर तो जगला असता,” ती म्हणाली. “आणि मरेपर्यंत तुमच्याशी बोलला नसता.”

“हो.”

“मला तो न बोलणारा चालला असता, भाऊ.”

त्यानंतर नरेशने कितीदा बोलावलं, पण मी सलूनमध्ये मॅच बघायला गेलो नाही. लोक विचारतात, उस्ताद, तुम्ही पाहिलेली सगळ्यात भारी फाइट कोणती? मी दुसरं काहीतरी सांगतो.

पलटणीच्या स्थापना दिवशी मी घरच्या अंगणात ०८०० ला उभा राहतो आणि माझ्या नोकरीच्या काळात शहीद झालेल्यांची नावं वाचतो. सात नावं आहेत. रमण निवृत्त झालेला, खासगी लढतीत गेलेला. नियमाने त्याचं नाव त्यात येत नाही. रमण गेला त्या वर्षी सविता तलासरीहून सकाळच्या एस.टी.ने आली. मी तिला बोलावलं नव्हतं. तिला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. ती डोक्यावर पदर घेऊन तुळशीपाशी उभी राहिली.

मी सात नावं वाचली. कागदाची घडी घातली. मग कागदाशिवाय म्हणालो, “लान्स नायक रमण वरठा.”

मलाच नीट ऐकू आलं नाही.

“मोठ्याने म्हणा,” सविता म्हणाली.

मी सावधान झालो आणि परेड ग्राउंडवर म्हणतात तसं म्हटलं. वाडीत चिकू उतरवणारी माणसं हातातलं काम थांबवून उभी राहिली.