विजेचं बिल आणि सुनंदाचं स्थळ

माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न विजेच्या बिलावरून मोडायला आलं होतं. हुंडा किंवा मानपान यांचा त्यात काहीही संबंध नव्हता.

त्या उन्हाळ्यात जिंतुरात मराठवाड्यावरच्या अन्यायाच्या सभा जोरात होत्या. एका सभेत वक्ते म्हणाले, "धरण आपल्या येलदरीला, अन् वीज स्वस्त पुण्याला." टाळ्या पडल्या. मी गणिताचा मास्तर. मला टाळीच्या आधी आकडा लागतो. उभा राहून विचारलं, "पुण्यात एका घराला बिल किती येतं?"

वक्त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "गुरुजी, तुमीच काढा, अन् रविवारच्या सभेत मांडा."

पुन्हा टाळ्या पडल्या. (या टाळ्या मला आवडल्या, हे नमूद करतो.)

माझं ताजं बिल खिशात होतं. पुण्याचं कुठून आणावं या विवंचनेत असतानाच शनिवारी खुद्द पुण्याहून पाहुणे सुनंदाला बघायला आले. मुलगा तिथं कारखान्यात फिटर होता. "पोरगं लय चांगलं हाय," बायकोनं सकाळीच बजावलं होतं. "हे स्थळ गेलं तर असं दुसरं मिळायचं न्हाई. तुमी कमी बोला."

मी कमीच बोललो. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मुलाच्या वडिलांना मी एवढंच विचारलं, "तुमचं विजेचं बिल किती येतं?"

त्यांनी आपल्या बायकोकडे बघितलं. "येतं बेताचं."

"बेताचं म्हणजे? पंखे किती? इस्त्री विजेची का कोळशाची?"

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. "आमचं घर साधं आहे, गुरुजी. फ्रीज वगैरे नाही. पण मुलीला काही कमी पडणार नाही."

"फ्रीज नाही हे उत्तम. म्हणजे तुलना बरोबरीची होईल."

आतून बांगड्या वाजल्या. ही खूण मला एरवी कळते.

सुनंदा पोहे घेऊन आली. तिच्याकडे कुणी बघावं अशी वेळच मी येऊ दिली नाही. पाहुण्यांनी अखेर नाइलाजानं आकडा सांगितला आणि मी माझं बिल पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. ते बरोबर तिप्पट होतं.

"सामान सारखंच, अन् बिल तिप्पट," मी सभेतल्यासारखा म्हणालो. "धरण आमचं, अन् भार बी आमच्यावर. हा अन्याय नाही तर काय?"

"म्हणजे आम्ही तुमची वीज खातो?"

"तुमी नव्हे हो. पुणे."

"पुण्यात आम्हीच राहतो." पाहुण्यांनी पोह्यांना न शिवता बशी बाजूला सारली. मुलगा चपला शोधू लागला. त्याची आई उठली. "मुलगी गुणाची आहे. पण या घरात हिशेब फार दिसतो."

तेवढ्यात बायको बाहेर आली. "बसा ताई. यांचा हिशेब चुकलाय."

माझा हिशेब आजवर कुणी चुकीचा म्हटला नव्हता. (वर्गातली मुलं म्हणत असतील, ते वेगळं.)

"या बिलाच्याच महिन्यात भीमजयंती आली. गल्लीभर लाइटी होत्या, भोंगा होता," ती म्हणाली. "ते कुणाच्या मीटरवर हुतं?"

"जयंती मंडळाच्या."

"मंडळाला कुठलं आलं मीटर? सुनंदानंच वायर दिली खिडकीतून. हप्ताभर तुमच्या खुर्चीमागून गेलती."

मी सुनंदाकडे बघितलं. "विचारलं नाहीस?"

"कवा विचारू, बाबा? तुमी रोज सभेला जायलात."

मुलाची आई हळूच पुन्हा खाली बसली. "सगळ्या गल्लीची जयंती एका घराच्या मीटरवर?" ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, पोहे खा. अशा घरची मुलगी मला हवी."

पोहे गार झाले होते, तरी त्यांनी दोनदा घेतले. उठण्याआधी लग्नाची तारीख ठरली. रविवारच्या सभेला मी पोट दुखतं म्हणून गेलो नाही. पुण्याची वीज खरंच स्वस्त आहे का, हे मला आजतागायत माहीत नाही.

व्याही मात्र भेटेल त्याला सांगतात, "आमचे गुरुजी अख्ख्या गल्लीला उजेड देतात, पण कधी बोलून दाखवत नाहीत." मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. बोलून दाखवायला आधी मला ठाऊक तर पाहिजे होतं!