नागीण निघाली तेव्हा भेटायला आलेला प्रकाश

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहाला जाणारा मी माणूस. वडील शिक्षक, घरात बाबासाहेबांचे विचार... असलं काही लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन आहे, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारा. चाळिशीत दमा मागं लागला. गेल्या हिवाळ्यात तो इतका वाढला की स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यातच कपाळाच्या डाव्या बाजूला नागीण निघाली. नुसता वारा लागला तरी आग व्हायची. ठणक्यानं धाप लागायची, धापेचं औषध वाढवलं की शुगर चढायची. शेवटी परभणीला ॲडमिट केलं.

चौथ्या दिवशी दुपारी माझी बायको संगीता डबा आणायला गेली होती. तेवढ्यात प्रकाश आला. वीस वर्षांपासूनचा माझा ड्युटीवरचा जोडीदार, रोज माझ्याच डब्यात जेवणारा. इतके दिवस फिरकला नव्हता म्हणून मी रुसलोच होतो. तो स्टुलावर बसला, माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"नाकाच्या शेंड्यावर फोड आलाय तुझ्या. डोळ्याच्या डॉक्टरला आजच बोलव."

"अरे, मला इथं दम लागायलाय, डोळ्याचं काय घेऊन बसलास?"

"ऐक माझं. तुझी नोकरी डोळ्यावर हाय."

तो गेल्यावर मी हट्टच धरला. संध्याकाळी डोळ्याचे डॉक्टर आले. बुबुळाला सूज सुरू झाली होती. "बरं झालं आजच बोलावलंत," म्हणाले. "नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका असतो."

दीड महिन्यानं ड्युटीवर गेलो. आधी प्रकाशचा हात धरला. "तुझ्यामुळं डोळा वाचला रे."

त्यानं मान खाली घातली. "मी आलोच न्हाई."

मला मस्करी वाटली.

"खरंच. नागीण लागती म्हणले सगळे... घरात लेकरू लहान. भ्या वाटलं मला. वहिनीचे फोन बी उचलले न्हाईत."

संगीतानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी चौकशी केली — त्या दुपारी प्रकाश यार्डात होता, चार माणसांच्या देखत.

औषधांनी भास झाला असेल, अशी मीच माझी समजूत घातली. तरी राहवेना. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर बोरी गावचे एक मामा होते, त्यांना प्रकाशचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. "ह्योच की! जाताना मला पाणी देऊन गेला. लय जीव लावतो तुमचा दोस्त."

मी तो फोटो पुन्हा उघडून बघितला.

फोड सुकले, पण कपाळ अजून ठणकतं. डबा आता मी एकटाच खातो. त्या दुपारी कोण आलं होतं, ते आजही सांगता येत नाही. कोण आलं नव्हतं, तेवढं मात्र पक्कं माहीत आहे.